निकाल राखून ठेवला

१४ जून, शनिवार

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. वादी बोलला, लिहून घेतलं. प्रतिवादी बोलला, लिहून घेतलं. न्यायाधीशसाहेब खोकले, तेवढं सोडून बाकी सगळं लिहून घेतलं. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. अख्ख्या दिवाणी न्यायालयात माझ्याइतकी वेगवान लघुलेखिका दुसरी नव्हती. हे मी म्हणत नाही, माझ्या निरोप समारंभात तिघांनी म्हटलं. आता स्वतःचं काही लिहावं, म्हणून ही वही.

मुदतीआधी निवृत्ती घ्यायचं मी ठरवलं, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे तो अर्ज चार वर्षं खणात पडून होता. पाकीट बंद, वर पत्ता, तिकीटसुद्धा लावलेलं. मार्चमध्ये सासूबाईंनी खण आवरला आणि बाकीच्या पत्रांबरोबर तेही चुकून टपालात टाकलं. त्यांना काय बोलणार? सत्त्याहत्तर वय, नजर अधू झालेली.

हे गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, घरात आम्ही दोघीच. नुसतं बसून करायचं काय, म्हणून कायद्याचं कॉलेज. इतके निकाल टाइप केलेत की पहिलं वर्ष म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. अडचण एवढीच की कॉलेजं दोन आहेत आणि दोन्हींचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वेगळा. एकीकडे करार, फौजदारी, राज्यघटना, अपकृत्य आणि एक ऐच्छिक विषय. दुसरीकडे ऐच्छिक काही नाही, उलट कायद्याचा इतिहास सगळ्यांना सक्तीचा. मी उभा-आडवा तक्ता आखला आहे. सध्या तेरा मुद्दे झालेत, सात एका बाजूला, सहा दुसऱ्या.

१७ जून, मंगळवार

तक्त्यात चौदावा मुद्दा सापडला आणि सात-सात अशी बरोबरी झाली. आता काय करावं या विचारात होते, तेवढ्यात सासूबाईंनी उकळत्या दुधाचं पातेलं आणलं आणि नेमकं इतिहासवाल्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर ठेवलं. आतला प्रवेशअर्ज करपून काळा झाला. उद्या शेवटची तारीख. म्हणजे दुसरं कॉलेज, घरापासून सात मिनिटांवरचं.

"अगं, दिसलंच नाही मला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, असू दे आई. मग त्या चष्मा न लावता त्या दुसऱ्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचून मला सांगत बसल्या, की दुपारी एकला सुट्टी असते, जेवायला घरी येता येईल.

७ जुलै, सोमवार

पहिला दिवस. शिपायाने मला प्राध्यापक समजून खुर्ची दिली. मी बसलेही.

करार शिकवणाऱ्या सरांचं नाव मी पणसर ठेवलं आहे. त्यांचं एकही वाक्य 'पण'शिवाय संपत नाही. "करार झाला, पण." एवढं बोलून आमच्याकडे बघत राहतात. अपकृत्य हा विषय, म्हणजे करार नसताना एकाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, एक बाई शिकवतात. त्यांच्या प्रत्येक उदाहरणात गच्चीतून कुंडी पडते. त्या कुंडीबाई.

माझ्या बाकावर एकोणीस वर्षांची एक मुलगी बसते. ती काकू म्हणते आणि झोपते. उशी म्हणून माझं फौजदारीचं पुस्तक घेतलं तिनं. जाडी बरोबर आहे म्हणाली.

१६ जुलै, बुधवार

ऐच्छिक विषयाचं प्रकरण उपटलं आहे. दोन विषय आहेत, कायदेशीर लेखन आणि अभिरूप न्यायालय. ऑगस्ट संपेपर्यंत दोन्ही तासांना बसून बघायचं आणि २९ तारखेला फॉर्म भरून द्यायचा.

कायदेशीर लेखन म्हणजे माझं अंगण. आज बाईंनी अर्ज लिहायला सांगितला, मी त्यांचा नमुनाच दुरुस्त करून दिला. अभिरूप न्यायालय म्हणजे खोटं खोटं कोर्ट. एक वादीचा वकील, एक प्रतिवादीचा, आणि पाळीपाळीने एकेकाने न्यायाधीश होऊन दहा मिनिटांत निकाल द्यायचा. मुलं बेधडक देतात निकाल. झोपाळू मुलगी आज न्यायाधीश होती. उठली, डोळे चोळले, म्हणाली, "प्रतिवादी हरला, कारण तो खोटं बोलतोय हे शेंबडं पोरही सांगेल," आणि परत येऊन झोपली. सर खूश.

मला हा उथळपणा वाटतो. न्यायाला वेळ लागतो, मी जवळून पाहिलं आहे.

नवा तक्ता केला. घरी सासूबाईंनी विचारलं, "तुझा कल कुठे आहे?" मी म्हटलं, अजून नऊच मुद्दे झालेत.

२ ऑगस्ट, शनिवार

भावजींचा फोन. म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. चार तासांच्या अंतरावर राहतात, माणूस सोन्यासारखा. नवं घर घेतलंय, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, आईसाठी वेगळी खोली आहे. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता कॉलेजात जाता. आई दिवसभर एकटी. तिला इकडे आणावं असं मनात आहे. पण तुम्ही सांगाल तसं. तुमचा हक्क आधी."

मी म्हटलं, आईंना विचारते.

आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं ठरवाल तसं."

म्हणजे घोडं माझ्याच दारात आणून बांधलं. भावजी ३१ तारखेला, रविवारी, गाडी घेऊन येणार आहेत. तोवर सांगायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

तक्ता क्रमांक तीन. डावीकडे 'आई जातील', उजवीकडे 'आई राहतील'. डावीकडे लिफ्ट, बाग, दोन नातवंडं, सख्खा मुलगा, सोबत. उजवीकडे काय लिहावं सुचेना. इथे पायऱ्या आहेत. गुडघे दुखतात. मी सकाळी जाते ती चारला येते, मध्ये जेवायला तासभर. उजवीकडे शेवटी 'सवय' एवढाच शब्द लिहिला. कोणाची ते लिहिलं नाही.

चहा घेऊन सासूबाई मागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. तक्ता बघून म्हणाल्या, "उजवीकडे जागा बरीच शिल्लक आहे." मी म्हटलं, हो, कागद मोठा घेतलाय.

११ ऑगस्ट, सोमवार

कराराची पहिली चाचणी. प्रश्न असा: एका बाईने पत्र लिहून शिवणयंत्र विकायची तयारी दाखवली. दुसरीने होकाराचं पत्र टाकलं. ते पोचायच्या आत पहिलीने विचार बदलला. करार झाला की नाही?

इतकं सुंदर उत्तर मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. चार पानं. वस्तुस्थिती, तारीखवार. वादीचं म्हणणं, सहा मुद्दे. प्रतिवादीचं म्हणणं, सहा मुद्दे. वीस मिनिटं राखून पेपर दिला. झोपाळू मुलीने सहा ओळी लिहिल्या, मी मोजल्या. वाईट वाटलं पोरीचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वीसपैकी चार.

झोपाळूला अकरा.

पणसरांनी शेवटच्या पानाखाली लिहिलंय, "अक्षर सुरेख, मांडणी उत्तम. निकाल कुठे आहे?"

मी भांडायला गेले होते. पेपर उघडून दाखवायला गेले आणि पाहते तर खरंच नाही. 'उभय पक्षांचे म्हणणे ऐकले' इथे मी थांबलेय. खाली अर्धं पान कोरं.

घरी येताना लक्षात आलं काय झालं ते. न्यायालयात साहेब मजकूर सांगायचे तेव्हा नेमके या वाक्यावर उठायचे. 'उभय पक्षांचे म्हणणे ऐकले,' म्हणायचे आणि आतल्या खोलीत जायचे. तासाभराने बाहेर येऊन निकाल सांगायचे. तो तास माझा चहाचा. सव्वीस वर्षं. पेपरातही ते वाक्य लिहिलं आणि माझ्या हाताने आपोआप पेनाला टोपण लावलं. मी दाराकडेसुद्धा बघितलं होतं, आता आठवतं. साहेबांची वाट बघत होते की चहाची, ते देव जाणे.

आत साहेब काय करतात ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, डुलकी काढत असतील.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते या वहीशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. सगळ्या कॉलेजला माहीत आहे, त्यामुळे सांगायची गरजही नाही.

अभिरूप न्यायालयात न्यायाधीशाची पाळी माझी. खटला नेहमीप्रमाणे कुंडीचा. कुंडी पडली, खालची सायकल वाकली. दोष कुंडी ठेवणाराचा, की 'इथे सायकल लावू नये' ही पाटी असताना तिथेच लावणाराचा? दोन्ही पोरं छान बोलली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "उभय पक्षांचे म्हणणे ऐकले." पुढे काही येईना. कानात शिट्टी वाजायला लागली. मग मी अगदी साहेबांच्या आवाजात म्हटलं, "न्यायालय थोडा वेळ उठत आहे," आणि उठले.

आणि कँटीनमध्ये जाऊन बसले.

पाऊण तासाने झोपाळू मुलगी शोधत आली. "काकू, तुम्ही येताय ना? सगळे बसलेत."

मी विचारलं, "तूच सांग, दोष कुणाचा?"

"मला काय माहीत?"

"मग त्या दिवशी निकाल कसा दिलास?"

"दिला," ती म्हणाली. "चुकला असता तर सरांनी सांगितलं असतं. त्यासाठीच तर पैसे भरलेत."

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. पाणी देऊनही थांबेना. मध्येच मला म्हणाल्या, "आणि चहा घेतलास का गं तिथे?" घेतला होता. दोन कप.

२३ ऑगस्ट, शनिवार

सासूबाई दुपारी सोफ्यावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ते खोटं कोर्ट इथे भरव. तुझा सराव होईल. मी वादी."

"प्रतिवादी कोण?"

"तूच."

"आणि न्यायाधीश?"

"तीही तूच. घरात माणसं कमी आहेत, भागवून घे."

मी वही-पेन्सिल घेतली. त्या बोलल्या ते असं: "वादीला दोन घरं आहेत. एका घरी लिफ्ट आहे, बाग आहे, मुलगा आहे, सून गुणी आहे. दुसऱ्या घरी एक बाई आहे, ती सारखी लिहीत असते. वादीला कुठे राहायचं ते पक्कं माहीत आहे. पण तिनं आपण होऊन म्हटलं, तर ते गळ्यात पडल्यासारखं होतं. ज्याच्या घरी राहायचं, त्याच्या तोंडून यायला पाहिजे. झालं माझं."

वेग मिनिटाला साठ, उच्चार स्वच्छ, एकही शब्द सुटला नाही. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का?

"शब्द बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "निकाल?"

"विचार करून पुढच्या आठवड्यात देते."

त्या उठल्या. शाल गुंडाळून आत गेल्या.

निकाल खरं म्हणजे उघड आहे. 'ज्याच्या घरी राहायचं त्याच्या तोंडून यायला पाहिजे.' भावजींनी तर केव्हाच म्हटलंय. म्हणजे त्यांचं मन लेकाकडे आहे, आणि का नसावं? माझं नातं ह्यांच्यामुळे होतं. हेच नाहीत, तर मी कुठल्या तोंडाने थांबा म्हणू? हे वाक्य दोनदा खोडून लिहिलं. उगीच. चांगल्या घरी चालल्या आहेत.

२७ ऑगस्ट, बुधवार

सासूबाईंनी माळ्यावरची जुनी ट्रंक काढायला लावली. आवराआवर चालू आहे. दिवसातून चारदा झाकण आपटल्याचा आवाज येतो, तोही नेमका मी अभ्यासाला बसले की. सकाळी आत डोकावले तर कपाट अजून भरलेलं दिसलं. हळूहळू भरत असतील, घाई कशाला.

जेवताना म्हणाल्या, "ट्रंक फार जड होतेय गं." मी म्हटलं, भावजी उचलतील. तर ताटातलं तसंच टाकून उठल्या. तब्येत बरी नसावी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ऐच्छिकाच्या फॉर्मची शेवटची तारीख. तक्त्यात बावीस मुद्दे आहेत. कायदेशीर लेखनाच्या बाजूला बारा. 'येतं', 'सोपं', 'मार्क मिळतील', 'कुणी हसणार नाही' वगैरे. अभिरूप न्यायालयाच्या बाजूला दहा, पण त्यातले नऊ मी दुसऱ्यांकडून ऐकलेले. माझा असा एकच, आणि तोही पेन्सिलने लिहिलाय: 'येत नाही'.

फॉर्म कोराच हातात धरून कार्यालयात उभी होते. पणसर तिथे सही करत होते. म्हणाले, "सोमवारी सकाळी दिलात तरी चालेल, पण."

या वेळी मला पुढचं कळलं.

३१ ऑगस्ट, रविवार

भावजी अकराला आले. ट्रंक दाराशी, सासूबाई खुर्चीत, शाल, चष्मा, हातात पिशवी. दोघं माझ्याकडे बघत होते.

"मग वहिनी, काय ठरलं?"

मी तक्ता आणला. डावी बाजू वाचली. लिफ्ट, बाग, नातवंडं. मग उजवी बाजू. 'सवय', एवढंच. वाचून झालं आणि मी म्हटलं, "तर अशा दोन बाजू आहेत. थांबा, मी चहा टाकते." आणि आत आले.

पाणी ठेवलं. शेगडीच्या बटणावर हात होता. आणि एकदम जाणवलं की मी परत उठून आले आहे. त्याच वाक्यावर. बाहेर दोन माणसं बसली आहेत आणि आतल्या खोलीत मी आहे. दुसरं कुणी नाही. साहेब नाहीत, हे नाहीत. ज्याने बाहेर जाऊन सांगायचं ते मीच. साहेब तासभर डुलकी काढत नसावेत, हेही तेव्हाच कळलं. घाबरत असावेत.

शेगडी पेटवली नाही. तशीच बाहेर आले.

"आई जाणार नाहीत," मी म्हटलं. "इथेच राहतील."

भावजी म्हणाले, "बरं. पण वहिनी, काही कारण?"

तेवढ्या तक्त्यातलं एक कारण आठवेल तर शपथ. "मला हव्यात," मी म्हटलं. "त्या नसल्या तर मी दुपारी जेवायला कुणासाठी घरी येऊ? मला त्या इथे हव्यात, भावजी. बास."

आवाज फुटला माझा. कोर्टात हे शोभलं नसतं.  मग सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, शाल काढून घडी केली आणि मला म्हणाल्या, "आणि चहा कुठे आहे?"

चहा झाल्यावर भावजी ट्रंक परत आत ठेवायला वाकले आणि तोल जाऊन मागेच पडले. जड समजून जोर लावला आणि ती कागदासारखी उचलली गेली. झाकण उघडून बघितलं. आत काही नाही. एक रुमालसुद्धा नाही.

"आई, ही रिकामी आहे," भावजी म्हणाले.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "भरायचं राहिलं वाटतं."

भावजी हसत सुटले ते गाडीत बसेपर्यंत. मला नाही हसू आलं. चार दिवस झाकण उघडबंद करून त्या भरायचंच विसरल्या. म्हातारपणी असं होतं. त्यांना आता जपायला हवं.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी टेबलावर फॉर्म आणि बावीस मुद्द्यांचा तक्ता घेऊन बसले होते. पेन हातात, टोपण खिशात टाकलेलं, म्हणजे लावता येणार नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाई उकळत्या दुधाचं पातेलं घेऊन आल्या. चष्मा नव्हता. सरळ माझ्या फॉर्मच्या दिशेने, आणि त्यातही 'कायदेशीर लेखन' छापलंय त्याच कोपऱ्याकडे. पातेलं फॉर्मपासून वीतभर असताना मी तो चटकन उचलला.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी आठवलं ते करपलेलं माहितीपत्रक. मग टपालात गेलेलं पाकीट. आणि सगळ्यात शेवटी ट्रंक. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं खोट्या साक्षी ऐकलेली बाई मी, आणि घरात ही.

"आई," मी म्हटलं, "हा निकाल मी देणार आहे."

"दे की मग. मी कुठे अडवलंय?" त्या म्हणाल्या. "लवकर दे, हात भाजतोय."

मी 'अभिरूप न्यायालय' समोर खूण केली, सही केली, तारीख घातली. तीन सेकंद लागले असतील.

"झालं?"

"झालं."

"मग आता हे ठेवू कुठे?"

मी तक्त्याची चौपदरी घडी घातली आणि पातेल्याखाली सरकवली.